घरी फायबर ब्रॉडबँड घेताना पैसे कोणत्या क्रमाने, कोणत्या मार्गाने आणि कोणाला भरावेत

नवी फायबर जोडणी घेताना ‘पैसे यूपीआयने भरू की कार्डाने’ हा प्रश्न बहुतेक जण सर्वात आधी विचारतात. वास्तविक ते पैसे कोणाच्या खात्यात जात आहेत, कशापोटी जात आहेत आणि काम कोणत्या टप्प्यावर असताना जात आहेत, हे त्याआधी ठरलेले असावे. अनामत परत न मिळणे, वर्षभराचे भाडे अडकून पडणे, परतावा भलत्याच खात्यात जाणे या नेहमीच्या तक्रारींच्या मुळाशी बहुधा हा उलटा क्रमच असतो. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच पार पाडावेत. विक्री प्रतिनिधी ‘ऑफर आज रात्री संपते’ म्हणाला तरी क्रम मोडू नये.

टप्पा १ : रक्कम विचारण्यापूर्वी जोडणी शक्य आहे का, ते पाहावे

कंपनीच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकल्यावर ‘सेवा उपलब्ध’ असे दिसते. त्याचा अर्थ त्या भागात कंपनीचे जाळे आहे एवढाच. आपल्या घरापर्यंत केबल येईल की नाही, हे तीन गोष्टींवर ठरते. इमारतीच्या जिन्यात, गच्चीवर किंवा जवळच्या खांबावर असलेल्या स्प्लिटरच्या (एका फायबरच्या अनेक घरांसाठी शाखा करणाऱ्या) पेटीत एक मोकळा पोर्ट, म्हणजे केबल जोडण्याची जागा, हवी. त्या पेटीपासून घरापर्यंत केबल नेण्यासाठी वाट हवी. आणि त्या वाटेवर ज्यांचा हक्क आहे, त्यांची संमती हवी. शहरात ही संमती गृहनिर्माण संस्थेची असते, कारण डक्ट (केबल नेण्याची पोकळ वाट) आणि जिना सामाईक असतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडण्यासाठी घरमालकाचा होकार लागतो. कोकणातल्या वाडीत किंवा शेतातल्या वस्तीवर अंतर हीच मुख्य अडचण ठरते. मधे शेजाऱ्याची बाग किंवा आंब्याचे झाड असेल, तर केबल कुठून न्यायची हे लाइनमनने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

म्हणून लाइनमनला जागेवर येऊन पाहणी करण्यास सांगावे आणि पोर्ट मोकळा आहे का, केबल अंदाजे किती मीटर लागेल व ठरावीक लांबीच्या पुढे जादा दर आहे का, हे तीन प्रश्न त्याच वेळी विचारून घ्यावेत. संस्थेची परवानगी व्हॉट्सअॅपवर का होईना, पण सचिवांकडून लेखी घ्यावी. पैसे भरून झाल्यावर परवानगी नाकारली गेली, तर कंपनी तिला ग्राहकाची अडचण समजते आणि परताव्याचा वाद तिथून सुरू होतो.

*इशारा : पाहणी होण्याआधी ‘बुकिंग’ म्हणून मोठी रक्कम भरू नये. काही कंपन्या अर्जासोबत लहान रक्कम घेतात. ती भरण्यापूर्वी ‘जोडणी तांत्रिक कारणाने शक्य न झाल्यास पूर्ण परत’ हे वाक्य अॅपमधील अटींत किंवा संदेशात स्वतः वाचावे.*

टप्पा २ : एकूण रकमेची फोड लेखी घ्यावी

तोंडी सांगितला जाणारा आकडा जवळपास नेहमी कराशिवायचा असतो. दूरसंचार सेवांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यामुळे ‘सहाशेचा प्लॅन’ हातात पडतो तो ७०८ रुपयांना. त्याखेरीज एकाच आकड्यात चार वेगळ्या रकमा मिसळलेल्या असू शकतात : प्लॅनचे भाडे, जोडणी शुल्क, उपकरणाची अनामत किंवा किंमत, आणि जादा केबलचा खर्च. या चारही स्वतंत्र ओळींत मागाव्यात, कारण पुढे काही बिनसले तर प्रत्येकीचे नियम वेगळे असतात. भाडे वापराच्या प्रमाणात संपते, जोडणी शुल्क सहसा परत मिळत नाही, आणि अनामत पूर्ण परत मिळायला हवी.

उदाहरणादाखल हिशेब असा मांडता येईल. ६०० रुपयांचा प्लॅन ६ महिन्यांसाठी घेतला तर भाडे ३,६०० रुपये आणि त्यावर कर ६४८, म्हणजे ४,२४८ रुपये. जोडणी शुल्क १,००० असेल तर करासह १,१८०. राउटरची परतीची अनामत १,५०० धरली, तर एकूण भरणा ६,९२८ रुपये होतो. यात अनामतीवर कर धरलेला नाही. परत मिळणारी अनामत हा सेवेचा मोबदला नसतो, म्हणून ती बिलात समायोजित होईपर्यंत तिच्यावर जीएसटी लागत नाही. कोटेशनमध्ये ‘रिफंडेबल डिपॉझिट’ लिहून त्यावर १८ टक्के लावलेले दिसले, तर एक तर हिशेब चुकला आहे किंवा ती अनामत नसून उपकरणाची किंमत आहे. कोणते खरे, हे विचारूनच पुढे जावे.

‘इन्स्टॉलेशन फ्री’ या शब्दांनाही अट जोडलेली असते. बहुतेकदा ६ किंवा १२ महिन्यांचे भाडे एकदम भरले तरच शुल्क माफ होते, आणि मुदतीआधी जोडणी बंद केली तर माफ केलेले शुल्क काही कंपन्या वसूल करतात. राउटरविषयीही तीनच शक्यता आहेत : तो विकत दिला आहे, अनामतीवर वापरायला दिला आहे, किंवा विनामूल्य वापरायला दिला असून सेवा संपल्यावर परत करायचा आहे. तिसऱ्या प्रकारात पैसे गेलेले नसल्याने उपकरण आपलेच झाले असे वाटते, आणि पुढे ते हरवले की कंपनी त्याची किंमत मागते.

*तपासा : चारही रकमा, कर, प्लॅनची मुदत आणि राउटरची मालकी हे सर्व एका ईमेलमध्ये, अॅपच्या पानावर किंवा छापील कागदावर आले आहे का? आले नसेल तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.*

टप्पा ३ : पैसे घेणारा नेमका कोण, याची खात्री करावी

जिओ किंवा एअरटेलसारख्या कंपनीची जोडणी असेल, तर भरणा तिच्या अॅपवर किंवा संकेतस्थळावरच व्हावा. बीएसएनएलची भारत फायबर जोडणी अनेक ठिकाणी स्थानिक फ्रँचायझी भागीदारामार्फत मिळते. केबल तो ओढतो, दुरुस्तीला त्याचीच माणसे येतात, पण बिल बीएसएनएलच्या नावाने निघते. तिसरा प्रकार आपल्या गल्लीतल्या केबलवाल्याचा. तो एखाद्या मोठ्या सेवादात्याचा वितरक असतो किंवा स्वतःच परवानाधारक असतो. केबलवाल्याकडून जोडणी घेण्यात गैर काहीच नाही. बिघाड झाल्यावर तासाभरात हजर होणारा माणूस बहुधा तोच असतो. मात्र बिल कोणाच्या नावाने निघणार, हे त्याच्याकडून आधीच स्पष्ट करून घ्यावे.

ओळख पटवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला जीएसटी क्रमांक. तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करता तो शोधता येतो आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हेही तिथे दिसते. दुसरा मार्ग म्हणजे क्यूआर कोड स्कॅन केल्यावर अॅपमध्ये येणारे बँकेतील नाव. कोडच्या वर कंपनीचे बोधचिन्ह छापलेले असते, पण ते कोणालाही छापता येते. खाली बँकेने नोंदवलेले नाव एखाद्या व्यक्तीचे असेल, तर पैसे त्या व्यक्तीला जाणार आहेत, कंपनीला नव्हे.

*इशारा : ‘सर्व्हर डाउन आहे, माझ्या नंबरवर टाका, मी कंपनीत भरतो’ हे वाक्य ऐकू आले की भरणा तिथेच थांबवावा. सर्व्हर दुसऱ्या दिवशी सुरू होतो.*

टप्पा ४ : भरण्याचा मार्ग निवडावा

यूपीआय सर्वात सोयीचे आहे आणि योग्य रीतीने वापरल्यास सुरक्षितही आहे. कंपनीच्या अॅपमधून निघणाऱ्या कोडमध्ये रक्कम आणि ऑर्डर क्रमांक आधीच भरलेला असतो, त्यामुळे भरणा थेट आपल्या अर्जाला जोडला जातो. दुकानात चिकटवलेल्या कायमच्या कोडवर रक्कम आपण टाकतो. अशा वेळी शेऱ्याच्या रकान्यात अर्ज क्रमांक लिहावा आणि व्यवहाराच्या १२ अंकी यूटीआर क्रमांकाचा (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो संदर्भ क्रमांक) स्क्रीनशॉट जपावा. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘अनामत परत पाठवतोय, पिन टाका’ असे सांगणारा पैसे काढून घेत असतो.

क्रेडिट कार्डाने भरल्यास एक वेगळे संरक्षण मिळते. सेवा मिळालीच नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहाराबाबत वाद नोंदवता येतो. वर्षभराचे भाडे एकरकमी भरायचे असेल, तर मला हाच मार्ग बरा वाटतो. ईएमआय निवडताना मात्र व्याजावरही जीएसटी लागतो आणि बँक प्रक्रिया शुल्क घेऊ शकते, हे लक्षात घेऊन ‘नो कॉस्ट’ या शब्दांखालचा पूर्ण हिशेब वाचावा. सहा-सात हजारांच्या रकमेसाठी हप्ते घेण्यापेक्षा महिन्याच्या मुदतीचा प्लॅन घेतलेला पुष्कळ बरा.

नेट बँकिंग आणि एनईएफटी कार्यालयांना व संस्थांना सोयीचे पडते. धनादेश द्यायचा असेल, तर तो कंपनीच्या नोंदणीकृत नावाने, रेखांकित आणि ‘अकाउंट पेई’ लिहिलेला असावा. मागच्या बाजूला अर्ज क्रमांक लिहावा.

आता रोख रकमेविषयी, कारण ज्येष्ठ नागरिकांच्या घरी अजूनही बहुतेक भरणा असाच होतो आणि सर्वाधिक घोटाळाही इथेच होतो. जोडणी करायला आलेला मुलगा रोख पैसे घेतो आणि स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या यूपीआयने कंपनीचा भरणा करून टाकतो. त्याचा हेतू चांगला असतो, पावतीही खरी निघते आणि जोडणीही सुरू होते. पण परतावा ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने जातो, हा सर्वसाधारण नियम आहे. पुढे ऑर्डर रद्द झाली किंवा अनामत परत निघाली, तर ती त्या मुलाच्या खात्यात जमा होते. तो एव्हाना नोकरी सोडून गेलेला असू शकतो. रोखच द्यायची असेल, तर कंपनीच्या दालनात किंवा अधिकृत केंद्रावर जाऊन द्यावी आणि पावतीवर भरण्याचा प्रकार ‘रोख’ असा आला आहे ना, हे पाहावे.

भारत कनेक्ट, म्हणजे पूर्वीचे भारत बिल पे, नव्या जोडणीच्या पहिल्या भरण्यासाठी सहसा उपयोगी पडत नाही, कारण त्याला ग्राहक क्रमांक लागतो आणि तो अजून तयार झालेला नसतो. जोडणी सुरू झाल्यावर मासिक बिलासाठी मात्र ते उत्तम आहे.

परदेशी असलेली मुले आई-वडिलांच्या साताऱ्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या घरासाठी जोडणी घेतात, तेव्हा एक काळजी घ्यावी. अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती, सिंगापूर अशा काही देशांतील मोबाइल क्रमांकांवरही एनआरई व एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यांसाठी यूपीआय वापरता येते, त्यामुळे भरणा तिकडून होऊ शकतो. तरीही जोडणी आई-वडिलांच्या नावावर आणि त्यांच्या मोबाइल क्रमांकावरच घ्यावी. लाइनमन दारात उभा असताना ओटीपी दुबईतल्या झोपलेल्या मुलाच्या फोनवर गेला, की काम दुसऱ्या दिवसावर जाते.

टप्पा ५ : आगाऊ किती द्यावे, ते ठरवावे

आपल्या इमारतीत त्याच कंपनीची जोडणी किमान दोन-तीन घरांत सुरळीत चालत असेल आणि ती संध्याकाळी ८ ते ११ या गर्दीच्या वेळीही टिकते असे शेजारी सांगत असतील, तर ६ किंवा १२ महिन्यांचे भाडे एकदम भरण्यात फायदा आहे. जोडणी त्या इमारतीत पहिलीच असेल, तर पहिला भरणा लहानात लहान मुदतीचा करावा, जोडणी शुल्क द्यावे लागले तरी. हजार रुपये वाचवण्यासाठी सात हजार अडकवणे परवडत नाही. स्थानिक सेवादाता असेल, तर अनामत व जोडणी शुल्क केबल घरात आल्यावर आणि भाडे चाचणीनंतर, असे दोन भाग करायला तो बहुधा तयार होतो. मोठ्या कंपन्या पूर्ण रक्कम आधीच घेतात. तिथे रद्द करण्याच्या अटी वाचणे एवढेच आपल्या हाती असते.

घरातून व्यवसाय करणाऱ्यांनी स्वतःचा जीएसटी क्रमांक याच टप्प्यावर, पहिल्या भरण्याआधी, अर्जात नोंदवावा. बिल निघाल्यावर तो बदलून घेणे फार जिकिरीचे असते.

टप्पा ६ : जोडणीच्या दिवशी ओटीपी आणि चाचणी

या दिवशी एकाच मोबाइलवर तीन वेगवेगळे ओटीपी येऊ शकतात आणि तिन्ही सारखेच दिसतात. एक ओळख पडताळणीचा, दुसरा पैसे भरण्याचा, तिसरा काम पूर्ण झाल्याचा. प्रत्येक संदेश पूर्ण वाचल्याशिवाय आकडे मोठ्याने सांगू नयेत. पैशांचा ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, तो आपणच टाकायचा. काम पूर्ण झाल्याचा ओटीपी ही आपल्या हातातली शेवटची किल्ली असते. तो दिला की कंपनीच्या नोंदीत जोडणी यशस्वी ठरते, प्लॅनचे दिवस मोजायला सुरुवात होते आणि तंत्रज्ञाचे काम संपते. ‘आधी ओटीपी द्या, मग सेटिंग करतो’ या विनंतीला नम्र पण ठाम नकार द्यावा.

ओटीपी देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. ओएनटीवरचा (फायबरची केबल घरात ज्या उपकरणाला जोडतात त्यावरचा) जोडणी दाखवणारा ‘पॉन’ दिवा स्थिर असावा आणि सिग्नल नसल्याचे सांगणारा ‘एलओएस’चा लाल दिवा बंद असावा.

२. तंत्रज्ञाकडे पॉवर मीटर असतो. घरात येणाऱ्या प्रकाशाची पातळी दाखवण्यास सांगावे. सुमारे उणे १५ ते उणे २५ डीबीएम (प्रकाशाची ताकद मोजण्याचे एकक) ठीक मानावे. उणे २७च्या खाली गेल्यास जोडणी आज चालली तरी वारंवार तुटण्याची शक्यता राहते.

३. वेगाची चाचणी लॅपटॉपला लॅन केबल लावून करावी. वायफायवर मिळणारा आकडा भिंतींवर आणि फोनवर अवलंबून असतो, त्यावरून वाद घालता येत नाही. १०० एमबीपीएसच्या पोर्टवर ९४-९५ दिसले तर ते योग्यच आहे.

४. केबल सरकत्या खिडकीच्या चौकटीतून आणली असेल, तर काच पूर्ण लावून पुन्हा दिवे पाहावेत. काच लावताना केबल दबते, तिला तीव्र वाक बसतो आणि उघड्या खिडकीत उत्तम चाललेली जोडणी रात्री खिडकी लावली की बंद पडते. फायबरला गोल वळण चालते, काटकोन चालत नाही.

ओएनटीच्या मागील अनुक्रमांकाचा फोटो काढून ठेवावा. अनामत परत मागताना याच क्रमांकाचे उपकरण परत केले, हे त्याने सिद्ध होते.

*तपासा : तंत्रज्ञ बाहेर पडण्यापूर्वी ग्राहक क्रमांक, करासह बिल आणि अनामतीची स्वतंत्र पावती, किंवा बिलातील स्वतंत्र ओळ, आपल्या ईमेलवर आली आहे का?*

टप्पा ७ : पहिले बिल तपासल्यानंतरच ऑटोपे

अर्जाच्या वेळीच ऑटोपे, म्हणजे दर महिन्याचे बिल खात्यातून आपोआप कापण्याची परवानगी, लावून घेण्याचा आग्रह होतो. तो मान्य करू नये. पहिले बिल कोटेशनशी ओळीने ओळ ताडून पाहावे. जोडणी शुल्क दोनदा लागणे, न मागितलेले ओटीटी पॅक जोडले जाणे आणि सेवा सुरू होण्यापूर्वीच्या दिवसांचे भाडे लागणे या तीन चुका विशेष शोधाव्यात. बिल बरोबर असेल तर ऑटोपे जरूर लावावे. मात्र कमाल रक्कम मासिक बिलाच्या थोडीच वर ठेवावी. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार अशा आवर्ती भरण्यात १५,००० रुपयांपर्यंतची रक्कम दर वेळी पिन किंवा ओटीपी न मागता कापली जाऊ शकते, म्हणून ही मर्यादा आपणच खाली आणायला हवी. रक्कम कापण्यापूर्वी किमान २४ तास आधी सूचना येते. ती वाचण्याची सवय ठेवावी.

जोडणी बंद करताना ऑटोपे यूपीआय अॅपमधून किंवा बँकेतून स्वतंत्रपणे रद्द करावे. कंपनीचा अर्ज भरला म्हणजे बँकेतली परवानगी आपोआप संपते, असे गृहीत धरू नये.

टप्पा ८ : पैसे अडकल्यास

खात्यातून रक्कम गेली पण कंपनीकडे पोहोचली नाही, तर घाईने दुसऱ्यांदा भरू नये. व्यापाऱ्याला केलेल्या यूपीआय भरण्यात असे झाल्यास, रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशीर झाला तर प्रतिदिन १०० रुपये भरपाई देय आहे. यूटीआर क्रमांक देऊन बँकेकडे लेखी तक्रार करावी.

पैसे पोहोचले पण जोडणी दिली नाही, किंवा अनामत अडवली, तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून तक्रार क्रमांक घ्यावा. तिथे समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. ट्राय (दूरसंचार नियामक) वैयक्तिक तक्रारी निकाली काढत नाही, त्यामुळे तिथे लिहिण्यात वेळ घालवू नये. त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि मग जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या प्रकरणात आयोगाकडे तक्रारीचे शुल्क लागत नाही. खोट्या कोडवर किंवा तोतया प्रतिनिधीला पैसे गेले असतील, तर या पायऱ्या चढत बसू नये. लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची शक्यता राहते.

अनामत परत मिळवण्यासाठी जोडणी बंद करण्याचा अर्ज लेखी द्यावा. राउटर, ओएनटी आणि दोन्ही अडॅप्टर परत केल्याची अनुक्रमांकासह पोच घ्यावी, आणि ज्या बँक खात्यातून भरणा केला होता ते खाते तोपर्यंत चालू ठेवावे. खाते बंद झाले असेल, तर रद्द केलेला धनादेश जोडून नव्या खात्याचा तपशील अर्जासोबतच द्यावा.